झाडावरचं घर बांधताना मुलांच्या हाती खरं काम द्या

गेल्या अंकात मुलांना द्यायच्या हत्यारांबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की परसात दणकट झाड असेल तर सगळ्या घरानं मिळून त्यावर एखादं मचाण बांधावं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी सुताराची मुलगी. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आता मुलांना सुतारकाम शिकवते. माझ्या दोन मुलांबरोबर आणि सासऱ्यांबरोबर मी असं घर बांधलं आहे, तेव्हा खाली जे लिहिते आहे ते हातानं केलेल्या कामातून आलेलं आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या घरामागे चिंचेचं जुनं झाड आहे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. दोघांनी झाडावरच्या घराचा ध्यास घेतला आहे. मी आणि माझी पत्नी, दोघांनीही आजवर हातोडी धरली ती भिंतीवर तसबीर लावण्यापुरतीच. सुरुवात कुठून करायची? आणि मुलांना यात कितपत घ्यायचं, की आम्हीच बांधून त्यांना द्यावं?

मुलांना पहिल्या दिवसापासून घ्या. बांधून हाती दिलेलं घरही मुलं आनंदानं वापरतील, पण सगळ्यांनी मिळून बांधायचं असेल तर माझा एक आग्रह आहे: मुलांना लुटुपुटूचं काम देऊ नका. मोठ्यांनी सगळं उरकलं आणि शेवटी मुलांच्या हाती रंगाचा ब्रश देऊन फोटो काढला, तर मुलांना ते बरोबर कळतं. त्यांना असं काम द्या, की ते चुकलं तर घर वाकडं होईल. ते तपासून घेण्याची जबाबदारी मात्र तुमची.

पहिलं काम झाड बघण्याचं. तोवर लाकडाच्या वखारीकडे फिरकूही नका. चौघं मिळून बुंध्याभोवती सावकाश फिरा. मुळांशी भूछत्रं उगवली आहेत का, सालीतून कडक, टोपीसारखी बुरशी बाहेर आली आहे का, कुठे ढोली आहे का, शेंड्याच्या फांद्या वाळल्या आहेत का, हे पाहा. झाड एका बाजूला कललं असेल तर विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली नाही ना, हेही पाहा. मुलीच्या हाती लाकडी मोगरी द्या आणि बुंधा सगळीकडून हलके ठोकायला सांगा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे तिनं खडूनं खूण करायची. लहान मुलांचे कान या कामात फार तीक्ष्ण असतात. यातलं काहीही खटकलं तर झाडांची पारख असलेल्या माणसाला बोलावून दाखवा, आणि तो नको म्हणाला तर ते झाड सोडून द्या.

मग घेर. तुमच्या मुलाला छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती सुतळी गुंडाळून तिची लांबी मोजायला सांगा आणि ३.१४ नं भागायला लावा, म्हणजे जाडी मिळेल. एकाच बुंध्यावर लहानसं मचाण बांधायचं तर ते जिथे टेकणार तिथे जाडी निदान ३० सेंटिमीटर हवी, म्हणजे घेर साधारण ९५ सेंटिमीटर. मी स्वतः ४० सेंटिमीटरच्या आत हात घालत नाही. चिंच, आंबा, ओक ही झाडं भार चांगला पेलतात. शेवगा आणि गुलमोहोर ठिसूळ. निलगिरीची भलीमोठी फांदी वारा नसतानाही तुटून पडू शकते. फांद्यांची बेचकी रुंद आणि गोलाईची असतील तर ती पक्की असतात. अरुंद, टोकदार बेचक्यात दोन्ही फांद्यांची साल आत दुमडून अडकलेली असते, तिथे लाकूड लाकडाला जुळलेलंच नसतं. अशा बेचक्यावर भार टाकायचा नाही.

आता वजनाचा हिशेब, आणि हा मुलांसमोरच करा. समजा मचाण २ मीटर बाय २ मीटरचं आहे. अडीच सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांचं लाकूड ०.१ घनमीटर भरतं. लाकडाचं वजन घनमीटरला ६५० किलो धरलं तर नुसत्या फळ्या ६५ किलो. खालचे वासे, दोन तुळया, तिरके आधार आणि कठडा धरून एकूण २०० किलोच्या आसपास जातं. माणसांचा भार धरताना आज घरात किती जण आहेत ते मोजायचं नाही. वाढदिवसाला सगळी मित्रमंडळी एकदम वर चढतील तो दिवस धरायचा. घरांच्या जमिनीसाठी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरतात. म्हणजे आपल्या ४ चौरस मीटरला ८०० किलो. सगळं मिळून एक टन! हा आकडा मुलानं स्वतः काढला, की 'बाबा, एवढा जाड बोल्ट कशाला?' असं तो पुढे विचारत नाही. उलट तुम्ही कुठे हात आखडता घेतलात तर तोच तुम्हाला टोकेल.

यानंतर झाडाखाली जमिनीवर खुंट्या ठोकून सुतळीनं चौकोन आखा. काटकोन काढायला गवंडी वापरतात तीच रीत: एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले पाहिजेत. २ मीटरच्या चौकोनात २ मीटर ८३ सेंटिमीटर. हे मोजमाप पूर्णपणे मुलांकडे सोपवा. चौकोन आखून झाला की त्यात सगळ्यांनी जाऊन बसा, आडवे व्हा. माझा धाकटा त्यात पाठीवर पडला आणि वर पाहून म्हणाला, की झोपून पानं दिसली पाहिजेत, छप्पर अर्धंच हवं. आमच्या घराला अर्धंच छप्पर झालं, आणि तो निर्णय उत्तम होता.

टेप सगळ्या कामाला एकच वापरा. दोन टेपांच्या टोकाच्या आकड्यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो आणि तो वर जाऊन त्रास देतो.

बुंध्याच्या दोन बाजूंच्या तुळया एका पातळीत आणायला तुमची पाणसळ लांबीला पुरणार नाही. तिथे पारदर्शक नळी पाण्यानं भरून वापरा, तीच गवंड्यांची लेव्हल ट्यूब. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक मुलगी धरेल, दुसरं मुलगा. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिर होईल तिथे खूण. आमच्याकडे हे काम मुलांनी केलं आणि सासऱ्यांनी नंतर पुन्हा मोजून पाहिलं. खुणा बरोबर होत्या. सासरे फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी नातीला आपला ओळंबा वापरायला दिला.

शक्य तेवढं काम जमिनीवर करा. सांगाडा खालीच जुळवून बघायचा, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा, सोडवायचा आणि एकेक तुकडा कप्पीनं वर घ्यायचा. ओझं लटकत असताना त्याच्या खाली कुणीही उभं राहणार नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. वर काम करणारा मोठा माणूस कमरेला सुरक्षा पट्टा बांधूनच काम करील.

७ वर्षांच्या मुलीला पॉलिश पेपर, खुणा करणं, स्क्रूच्या आट्यांवर साबण चोळणं (त्यानं स्क्रू सहज आत जातो) आणि मोजमाप ही कामं द्या. ११ वर्षांचा मुलगा पकडीत घट्ट आवळलेली फळी करवतीनं कापू शकतो आणि हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोकं पाडू शकतो. विजेचं ड्रिल तुमचा हात सोबत असेल तरच. डोळ्यांना संरक्षक चष्मा सगळ्यांनाच.

मुलांच्या मताला न सोडायच्या गोष्टी तीनच: उंची, कठडा आणि बोल्ट. बाकी खिडकी कुठे, दार कुठे, रंग कोणता, यावर सगळ्यांचं मत सारखं धरा. आणि आधी फक्त मचाण आणि कठडा करून थांबा. एक हंगाम ते वापरा, मगच भिंतींचा विचार करा. भिंत आली, की वारा तिच्यावर शिडासारखा भरतो आणि तो सगळा जोर बोल्टांवर येतो. बऱ्याच घरांत मुलांना उघडं मचाणच जास्त आवडलेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न: नातवंडांसाठी हे चाललं आहे म्हणून मी गप्प आहे, पण जिवंत झाडाला खिळे ठोकायचे, हे मनाला पटत नाही. मी ते झाड स्वतः लावलेलं आहे. दोरीनं बांधून भागणार नाही का? (एक आजी)

आजी, तुमची काळजी मला आपली वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोरी मायाळू वाटते, पण झाडाला जास्त घात तिचाच होतो. सालीच्या लगेच आत एक पातळ जिवंत थर असतो. बुंधा त्यातूनच जाड होतो, आणि पानांनी तयार केलेलं अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरतं. दोरी किंवा तार बुंध्याभोवती आवळून बांधली आणि बुंधा वाढत गेला, की ती आत रुतते आणि हा रस्ता चहूबाजूंनी बंद होतो. मुळं उपाशी पडतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. झोपाळ्याची किंवा कपडे वाळत घालायची विसरलेली दोरी रुतून वाळलेल्या फांद्या तुम्हीही पाहिल्या असतील.

बोल्टाचं तसं नाही. त्याची जखम एका जागी राहते. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात मांडलं, की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. तिच्याभोवती आतून भिंती उभारून कुजणं तिथेच कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. यातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. एक म्हणजे पन्नास खिळ्यांपेक्षा एक जाड बोल्ट बरा, कारण जवळजवळच्या पुष्कळ जखमा आतून एक होतात आणि सगळा पट्टाच कुजतो. दोन बोल्टांमध्ये उभं अंतर निदान हातभर असू द्या. दुसरं, जखमेवर डांबर किंवा रंग फासू नका. त्यानं कुजणं थांबत नाही, हे शिगोंनीच दाखवून दिलं.

साध्या कामाला जस्त चढवलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा २० मिलिमीटर जाडीचा बोल्ट चालतो. आधी मापाचं भोक पाडून तो खोलवर, जुन्या लाकडात घालायचा. मोठ्या कामासाठी झाडावरच्या घरांकरिताच बनवलेले ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचे, रुंद कॉलरचे बोल्ट मिळतात. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मायकेल गार्नियर यांनी असा बोल्ट विकसित केला म्हणून त्याला 'गार्नियर लिंब' असंही म्हणतात. असा एक बोल्ट काही टन पेलतो, आणि तुळई सालीपासून दूर धरत असल्यानं झाडाला जाड व्हायला मोकळी जागा राहते. तुमच्या मुलाला आणि सुनेला एवढं नक्की सांगा, की तुळई बुंध्याला चिकटवून आवळायची नाही आणि फळ्यांमधून बुंधा वर जातो तिथे चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर फट सोडायची.

घर झाडाबरोबर वर वर जाईल का, असं तुमच्या नातवानं विचारल्याचं तुम्ही लिहिलं आहे. नाही जाणार. झाड उंच होतं ते शेंड्यांतून. बुंध्यावर २ मीटरवर घातलेला बोल्ट वीस वर्षांनीही २ मीटरवरच असतो. नातवाला पडताळा पाहायचा असेल तर बुंध्यावर रंगाचा ठिपका देऊन दरवर्षी जमिनीपासून त्याची उंची मोजू द्या.

मुळांचीही तितकीच काळजी घ्या. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दोन हात मातीतच असतात. लाकडाचे ढीग, वाळू, सिमेंट बुंध्याजवळ टाकून माती दाबली गेली तर ती गुदमरतात. सामान दूर ठेवायला सांगायचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या. झाड तुमचं आहे, तुमचा शब्द सगळे ऐकतील.

आणि नारळ, ताड, खजूर यांना मात्र बोल्ट लावू देऊ नका. या झाडांना तो जाडी वाढवणारा थरच नसतो, त्यामुळे जखमेवर नवं लाकूड कधीच चढत नाही.

नीट सांभाळलं तर झाड आणि घर किती काळ एकमेकांना धरून राहतात, याचं एक उदाहरण सांगते. इंग्लंडमध्ये श्रॉपशायरला पिचफर्ड हॉल इथे एका जुन्या लिंडेनच्या झाडावर १७ व्या शतकापासून एक घर आहे. १३ वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया १८३२ साली त्यात चढली होती. आता त्या म्हाताऱ्या झाडाला टेकू दिले आहेत, पण झाड उभं आहे आणि घरही.

प्रश्न: मी १४ वर्षांची आहे. आमच्याकडे झाडावरचं घर 'सगळे मिळून' बांधायचं ठरलं होतं. पण बाबा सगळं स्वतःच करतात. मी फक्त 'स्क्रू दे' आणि 'शिडी धर' एवढ्यालाच. मी करवत मागितली तर म्हणतात, वेळ जाईल. मला आता खाली जावंसंच वाटत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला वाईट वाटणं अगदी बरोबर आहे आणि ते बाबांना सांगणंही बरोबर आहे. 'मला पण करू द्या' असं म्हणू नकोस. त्यावर तुला पुन्हा काहीतरी छोटंसं धरायला मिळेल. एक आख्खा भाग माग. मी तुझ्या जागी असते तर शिडी मागितली असती.

शिडी हे घरातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम आहे आणि ते पूर्णपणे जमिनीवर होतं, त्यामुळे बाबांच्या कामात तुझा अडथळा नाही. आधी कागदावर चित्र काढ. जमिनीपासून मचाणापर्यंतची उंची मोज. पायऱ्यांमधलं अंतर २५ ते ३० सेंटिमीटरमध्ये काहीही ठेव, पण सगळीकडे तेवढंच. एखादी पायरी दोन सेंटिमीटर जरी वर-खाली झाली तरी पाय तिथेच अडखळतो, कारण चढताना आपण पायरीकडे बघत नाही. पायरी हाताच्या मुठीत मावली पाहिजे, ३ ते ४ सेंटिमीटर जाड. पायऱ्या उभ्या दांड्यांवर नुसत्या खिळ्यांनी ठोकू नकोस. दांड्यात खाच पाड, पायरी त्या खाचेत बसव आणि मग स्क्रू लाव, म्हणजे वजन लाकडावर येईल आणि स्क्रू फक्त जागेवर धरून ठेवेल. खाच पाडताना करवतीचे दोन काप खुणेच्या आतल्या बाजूला घे आणि मधलं लाकूड पटाशीनं थोडं थोडं काढ. पहिली खाच टाकाऊ लाकडावर करून बघ. दोन्ही दांडे वर मचाणाच्या फळ्यांच्याही ९० सेंटिमीटर पुढे जाऊ देत, चढताना शेवटी हाताला धरायला काहीतरी लागतं.

पूर्ण झाली की दोन्ही टोकांना विटा देऊन ती आडवी ठेव आणि बाबांना प्रत्येक पायरीवर उभं राहायला सांग. आधी त्यांनी, मग तू.

आणि आता बाबांसाठी, कारण हे पान तुम्हीही वाचाल: हो, वेळ जाईल. एका खाचेला तिला तुमच्या तिप्पट वेळ लागेल. तुम्हाला घर लवकर पूर्ण व्हायला हवं आहे की मुलगी खाली यायला हवी आहे, हे एकदा ठरवा. पुढच्या सुट्टीला तुमचं काम बंद ठेवा आणि तिच्या शेजारी नुसते बसा. ती विचारेल तेव्हाच बोला. करवत वाकडी जाते आहे हे दिसलं तरी बोटं सुरक्षित आहेत तोवर थांबा. दुसऱ्या कापाला ती स्वतः सावरते. मी शिकवलेल्या मुलांमध्ये हे मी सतत पाहत आले आहे.

प्रश्न: घरातले सगळे उत्साहात आहेत आणि मला रात्री झोप लागत नाही. मुलं पडली तर? ५ आणि ९ वर्षांची आहेत. माझ्या भीतीमुळे त्यांचा आनंद हिरावला जाऊ नये असंही वाटतं. (एक आई)

तुमच्या भीतीला घरात एक काम द्या: सुरक्षेचं सगळं मोजमाप तुमच्याकडे. तुमची सही झाल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही.

उंचीपासून सुरू करू. ५ वर्षांचं मूल असेल तर मचाण दीड मीटरवर ठेवा. त्या वयाच्या मुलाला दीड मीटरही आभाळाला टेकल्यासारखं वाटतं. २ मीटरच्या वर मी लहान मुलांसाठी जाऊ देत नाही.

कठडा मचाणाच्या फळीपासून १ मीटर उंच. पट्ट्या उभ्याच लावा. आडव्या लावल्या तर मुलं त्यांची शिडी करतात. दोन पट्ट्यांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. कारण नीट लक्षात ठेवा: ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीतून लहान मुलाचं अंग पायांकडून बाहेर जाऊ शकतं, पण डोकं अडकतं. खेळाच्या मैदानांचे नियम याच मापांवर आधारलेले आहेत. हाच नियम शिडीजवळच्या आणि छपराखालच्या फटींनाही लावा. ९ सेंटिमीटरचा एक लाकडी ठोकळा कापून घ्या आणि सगळीकडे फिरवा. कुठेही आत गेला, की काम परत. तयार कठड्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं अंग टाकून पाहायचं.

खाली गवत आहे म्हणून निश्चिंत राहू नका, गवताखालची माती कडकच असते. लाकडाच्या ढलप्यांचा २३ सेंटिमीटर जाड थर मचाणाच्या कडेपासून चारी बाजूंना १ मीटर ८० सेंटिमीटरपर्यंत पसरा. चालून चालून तो दबतो आणि विखुरतो, म्हणून सुरुवातीला ३० सेंटिमीटर घाला आणि अधूनमधून भर टाका. बुंध्याला मात्र ढलपे टेकू देऊ नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर साल ओली राहून कुजते.

लोंबत्या दोऱ्यांचा धोका लोक विसरतात. मोकळ्या टोकाची दोरी, फास पडेल असा दोर, गळ्याशी नाडी असलेला सदरा, डोक्यावरचं सायकलचं हेल्मेट, हे सगळं वर न्यायचं नाही. यातलं काहीही अडकलं तर मूल गळ्यानं लटकतं. बादली वर ओढायची दोरी हवीच असेल तर ती मोठं माणूस सोबत असतानाच बांधायची आणि नंतर काढून ठेवायची.

ढग गडगडले किंवा वारा सुटला, की खाली. याला अपवाद नाही.

मुलं एकदा तरी खरचटून घेतील, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. वरच्या गोष्टी झाल्या असतील तर तेवढ्यावर निभावण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

प्रश्न: आमच्याकडे मोठं झाडच नाही. दोन तरणी झाडं आहेत, एकमेकांपासून ३ मीटरवर. दोन्हींवर मिळून चालेल का?

तरणी असतील तर नाही. चार खांबांवर उभं मचाण करा, झाडांच्या सावलीत, पण झाडाला न जोडता. खांबांचे खड्डे खणताना जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवा, मूळ तोडू नका.

पुढे ती झाडं जाड झाल्यावर त्यांच्यावर बांधलंत तर एवढं लक्षात असू द्या, की वाऱ्यात दोन झाडं वेगवेगळी डोलतात. तुळई एका झाडावर पक्की करायची आणि दुसऱ्यावर नुसती टेकवून सरकती ठेवायची, त्यासाठी सरकते कंस असतात. दोन्हीकडे पक्की केली तर पहिल्या मोठ्या वादळात बोल्ट तरी तुटतो नाहीतर तुळई तरी.

प्रश्न: रेल्वेचे जुने स्लीपर आणि जुन्या कुंपणाचं लाकूड पडून आहे. वापरावं का?

स्लीपर अजिबात नको. त्यांत क्रिओसोट हे तेल मुरवलेलं असतं. ते त्वचेला भाजतं आणि उन्हात पाझरत राहतं. बाहेरच्या वापराच्या जुन्या, हिरवट छटेच्या लाकडात आर्सेनिकचा मसाला असू शकतो, म्हणून ज्याचा इतिहास ठाऊक नाही असं लाकूड मुलांच्या हाताखाली येऊ देऊ नका आणि त्याचे तुकडे जाळूही नका. जुन्या दारं-खिडक्यांचं, आतून ठणठणीत असलेलं सागवान मिळालं तर अवश्य घ्या. आधी त्यातले सगळे खिळे उपटून काढा, रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा तो घासण्याचं काम मुलांना देऊ नका. फळ्या बसवताना दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे पाणी साठणार नाही.

प्रश्न: मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली. घर अजून झाडावर आहे. उतरवावं की ठेवावं? बोल्ट काढायचे का? (एक निवृत्त जोडपं)

ठेवायचं असेल तर दरवर्षी पावसाळ्याआधी सगळं तपासायला हवं: प्रत्येक बोल्ट पान्यानं आवळून बघा, तुळई आणि साल यांमधली फट संपत आली असेल तर टेकणारा भाग तासून मागे घ्या, फळ्यांमध्ये बुंध्यासाठी ठेवलेलं भोक मोठं करा, आणि तुळयांच्या टोकांत पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. तुम्हा दोघांना वर चढून हे करणं आता जड जात असेल आणि दुसरं कुणी करणारं नसेल, तर उतरवा. बघायला कुणी नसलेलं मचाण शेजारच्या मुलांना खुणावत राहतं.

उतरवताना छप्पर, भिंती, कठडा, फळ्या, तुळया या क्रमानं या. बोल्ट मात्र झाडातच राहू द्या. एव्हाना लाकूड त्यांच्याभोवती घट्ट बसलेलं असतं. ओढून काढलेत तर उघडं भोक राहतं आणि पाणी आत जातं. बाहेर आलेलं टोक कुणाला लागण्यासारखं असेल तर ते कापून टाका, झाड हळूहळू त्यावर चढेल.

पण एक कराच. प्रत्येक बोल्ट जमिनीपासून किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला आहे हे कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे कधी हे झाड कापायची वेळ आली आणि साखळी-करवत त्या लोखंडावर गेली, तर कापणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. तुमच्या मुलांनाही त्याची प्रत पाठवा. बोल्ट कुठे घातले होते हे तुमच्यापेक्षा त्यांना नीट आठवत असेल, तेव्हा कागद लिहिण्याआधी त्यांना फोन करा.